धामणीच्या लाकडातली तिरपी भेग

अण्णा,

आज भरदुपारी अंगणात एक ओंडका फुटला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेर बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज झाला. शेजारची सून गच्चीवर धावत आली, "क्या हुआ काकी?" म्हणून. मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले. आठ दिवसांपूर्वी आलेला धामणीचा ओंडका टोकापासून हातभर चिरला होता. टोकांना मेण मीच लावलं होतं, पण एका अंगाला साल सुटली होती ती माझ्या नजरेतून निसटली, आणि वैशाखातल्या लूच्या गरम वाऱ्याने तेवढी जागा बरोबर शोधली. तुम्ही असतात तर आधी मला शिवी घातली असती, मग ओंडक्याला, आणि मग उकिडवं बसून भेगेवरून अंगठा फिरवत राहिला असतात. मी नुसती बघत उभी राहिले. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली आणि तुमच्याशी जे बोलायचं ते अजून तसंच पडून आहे, म्हणून आता हात धुऊन लिहायला बसले आहे.

कापडाच्या मिलला टाळं लागलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. उभं आयुष्य तुम्ही मिलच्या सुतारखात्यात मागाचे धोटे घडवण्यात घालवलं होतं. शेवटी शेवटी गेटवर लाठ्या चालल्या आणि तुम्ही डोक्याला गमछा गुंडाळून घरी आलात. रक्त सुकून गमछा चिकटला होता. आई पाणी लावून हळूहळू सोडवायला लागली तर तिच्यावरच खेकसलात, "ओढ ना एकदम. हळू कशाला करतेस?" आईने ओढला तेव्हा केसांसकट कातडी आली. त्यानंतर सहा महिने तुम्ही ओसरीवर बसून होतात. तुमच्या सोबत्यांपैकी कुणी टेंपो चालवायला लागलं, कुणी भाजीचा ठेला लावला. फ्रीगंजच्या बाजारात दर महिन्याला नवं दुकान उघडत होतं, काचेच्या आड रंगीत टीव्ही आणि परदेशी बूट मांडलेले असत. तुमच्या हाताला लाकूड उरलं नव्हतं, तेव्हा तो हात घरात चालायला लागला. आईवर, माझ्यावर, एकदा न्हाणीघराच्या दारावर, इतक्या जोरात की बिजागरी निखळली.

अशात एक दिवस मुलींच्या सरकारी शाळेतल्या खेळाच्या मॅडम आपल्या दारात उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं. म्हणाल्या, "भाईसाहब, फ्रीगंज में बाहर का धनुष आया है, शीशे के पीछे रखा है. मेरी लड़कियाँ बस देख के आ जाती हैं. बाँस वाले रोज़ टूट रहे हैं. लकड़ी का बना दोगे आप?" तुम्ही "देखते हैं" एवढंच म्हणालात. पण दुसऱ्या दिवशी लाकडाच्या टालवरून, वखारीतून, हातगाडीवर घालून धामणीचे दोन ओंडके आणलेत, आणि गाडीवरून उतरवायच्या आधी मला हाक मारलीत, "मेण तापव. राळ टाक त्यात. पळ!"

लाकूड का फुटतं हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. गरम मेण टोकांना फासत फासत. बाहेरचं लाकूड आधी वाळतं आणि आकसतं. आतलं अजून ओलं, फुगलेलं, ते आकसायला तयार नसतं. मग बाहेरचं फाटतं. टोकातून पाणी सगळ्यात आधी पळतं, म्हणून आधी टोकं बंद करायची. मेण नसेल तर शेण, पण उघडं टोक एक तासही ठेवायचं नाही. मग ओंडका मधोमध उभा फोडायचा, म्हणजे आतला ताण सुटतो. साल तशीच ठेवून, विटांवर, सावलीत, वर ओलं गोणपाट. आणि मग थांबायचं. निदान एक वर्ष.

फोडायची वेळ आली की पाचर मी धरायची आणि घण तुम्ही उचलायचा. पहिल्या खेपेला माझ्या हातातली पाचर ओंडक्यावर टकटक वाजत होती. तुम्ही घण डोक्यावर नेलात आणि तिथेच थांबून म्हणालात, "हात हलवलास तर बोटं जातील. नाही हलवलास तर काही होत नाही." मी हलवला नाही. घण माझ्या बोटांपासून चार अंगुळांवर पडला, ओंडका किंचाळल्यासारखा आवाज करत दुभंगला आणि आतलं पिवळं, ओलं लाकूड वासासकट उघडं पडलं. तुम्ही हसलात. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, आता घरात सगळं ठीक होणार.

पुढच्या फाल्गुनात माझा कॉलेजचा पेपर होता आणि मी गोणपाट भिजवायला विसरले. परत आले तर चार फळ्या टोकापासून फाटल्या होत्या. तुम्ही काही विचारलं नाही. त्यातलीच एक उचललीत आणि माझ्या पाठीत घातलीत. मी पडले तर पडलेलीला घातलीत. आई मध्ये आली तर तिच्या कोपरावर बसली. सगळं संपल्यावर तुम्ही धापा टाकत ओट्यावर बसलात, आणि मग दिवस मावळायच्या आत मला हाक मारून त्याच फळ्या पुढ्यात घेऊन शिकवायला लागलात. रॉकेलचा बोळा फळीवरून फिरवायचा, फडक्याने पुसायचं आणि शंभर आकडे मोजायचे. वरचं रॉकेल उडून जातं, पण भेगेत शिरलेलं राहतं, आणि डोळ्याला न दिसणारी भेग केसासारखी काळी उमटते. ती लाकडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने सरळ जात असेल तर तिच्यात पातळ सरस सोडून वर दोरा गुंडाळता येतो, तिच्यासकट धनुष्य चालतं. ती तिरपी होऊन कडेला सुटत असेल तर इलाज नाही. "ही कुणाच्या तरी तोंडावर फुटणार," असं म्हणत तुम्ही ती फळी ठोकळ्यावर ठेवलीत आणि कुऱ्हाडीने तिचे तीन तुकडे केलेत, कुणाला मोह होऊ नये म्हणून. मग मिलमधल्या हत्यारांतला सगळ्यात लहान रंधा माझ्या हातात दिलात. "हा आता तुझा." माझी पाठ ठणकत होती आणि तो रंधा हातात घेऊन मला रडायला आलं ते पाठीमुळे नव्हतं. अण्णा, तुम्ही मला नुसतं मारलं असतंत तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी आठ धनुष्यं सांगितली. संभागाच्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांच्या, संघाची निवड होती, ज्येष्ठात. आपल्याकडे वाळलेलं लाकूड पाच धनुष्यांपुरतं होतं. तुम्ही "हो जाएगा" म्हणालात आणि चार महिन्यांचं ओलं लाकूड काढून, चिरून, दिवसा पत्र्यावर टाकायला लागलात. जे मला मारून शिकवलं होतंत तेच. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अण्णा, उन्हात?" तर म्हणालात, "तू मला शिकव आता." दोन फळ्या पत्र्यावरच उकलल्या. बाकीच्यांतून तीन धनुष्यं निघाली. द्यायच्या दिवशी सकाळी मी रॉकेल फिरवलं आणि तिसऱ्याच्या मुठीच्या वर, बोटभर लांबीची, काळी रेघ उमटली. तिरपी. कडेला सुटणारी.

मी ते तुमच्यापुढे धरलं. "अण्णा, ही बाजूला सुटतेय."

"दिसतंय मला."

"तोडायला हवं."

"मॅडम अकराला येणार. आठ सांगितलेत, आठ जातील." तुम्ही सरसाचं भांडं ओढलंत, लाकडाचा भुसा चिमटीने भेगेत दाबलात, वर लाल दोरा गुंडाळलात आणि व्हार्निश मारलंत. पंधरा मिनिटांत भेग गेली. मी पुन्हा तोंड उघडलं, "तुम्हीच तर म्हणता की", आणि तुम्ही लाकडी हातोडा उचललात. मारला नाहीत. नुसता उचललात. मी रॉकेलचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं.

निवडीच्या दिवशी मैदानावर मी दोऱ्या चढवायला होते आणि तुम्ही कडुलिंबाखाली खुर्चीवर. लाल दोऱ्याचं ते धनुष्य एका उंच, सावळ्या मुलीच्या वाट्याला गेलं. पंधरा वर्षांची असेल. तिचे वडील राम घाटावर नाव चालवतात, असं ती दोरी चढवताना आपण होऊन सांगत होती. मी दोनदा तिच्याकडे गेले. दोन्ही वेळा लाल दोऱ्यावरून नख फिरवलं. दुसऱ्या खेपेला मी म्हणते, "ज़्यादा मत खींचना." ती हसते. "दीदी, कम खींचूँगी तो पहुँचेगा कैसे?" मी कडुलिंबाकडे बघते. तुम्ही माझ्याकडेच बघत असता. मी बाजूला सरकते.

तिचे पहिले दोन बाण चांगले गेले. तिसऱ्याला तिने पूर्ण ओढलं, दोरी गालाला टेकली आणि धनुष्य फुटलं. आवाज आज झाला तसाच. वरची पाती मुठीपासून तुटून दोरीच्या झटक्याने उलटी आली आणि तिच्या चेहऱ्यात घुसली. ती खाली बसली, आधी नुसती बसली, जणू काही शोधायला. मग तिने हात चेहऱ्याला लावला आणि हात लाल झाला. मी धावले. डाव्या डोळ्याच्या जागी मला डोळा दिसला नाही. गालाचं हाड दिसत होतं, त्यात धामणीची बारीक कुसळं रुतली होती, आणि ती मला विचारत होती, "दीदी, लगा क्या? लगा क्या निशाना?" मॅडम ओरडत होत्या, कुणीतरी टेंपो आणला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, तिच्या ओढणीने जखम दाबून. टेंपो वळला तेव्हा मी मागे पाहिलं. तुम्ही मैदानात वाकून धनुष्याचे तुकडे गोळा करत होतात. एकदाही टेंपोकडे पाहिलं नाहीत. तुकडे पिशवीत भरत होतात.

पण वरची पाती तुम्हाला सापडली नसणार. ती ओढणीत गुंतून आमच्याबरोबर दवाखान्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आणि काका आपल्या अंगणात आले. काकाच्या हातात नाव ढकलायचा बांबू होता. वडिलांच्या हातात ती पाती. दोघांच्या अंगावर कालचेच कपडे. आई दारात चहाचं पातेलं घेऊन उभी होती, मी ठोकळ्याजवळ. तिच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. तुटलेलं टोक तुमच्या पुढ्यात धरलं, तिथे सरस आणि भुसा पोपड्यासारखा सुटून आला होता.

"मिस्त्री जी, ये क्या भरा है इसमें?"

तुम्ही पाती हातात घेतली नाहीत.

"लकड़ी हम भी जानते हैं. नाव में दरार आती है तो हम भी भरते हैं. पर बता के भरते हैं, और सवारी नहीं बैठाते. किसने भरा?"

आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "इसने. मेरी लड़की ने. मुझे बताया तक नहीं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते वाटून होतंय तोवर तुम्ही माझ्यापर्यंत आला होतात. तुम्ही मला मारलंत, त्यांना पटावं म्हणून, नेहमीपेक्षा जोरात. माझं तोंड ठोकळ्याच्या कडेवर आपटलं. समोरचा दात तुटून जिभेवर आला. तुम्ही दुसऱ्यांदा हात उचललात तर तिच्या वडिलांनी तो वरच्या वर धरला. "लड़की पे मत उठा," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "बिटिया, तूने भरा?"

तोंडात रक्त होतं. मी मान हलवली नाही, ना हो, ना नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तुमच्याकडे वळले. "बेटी के पीछे छुपता है," एवढंच म्हणाले, आणि भावाकडून बांबू घेतला.

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तुम्ही तोंडावर हात धरलात, तर तिसरा उजव्या मनगटावर आला आणि आतलं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. आईच्या हातातलं पातेलं पडलं. ती किंचाळत होती, "अगं काहीतरी कर! कुऱ्हाड आहे ना तिथे, उचल, काहीतरी कर!" कुऱ्हाड माझ्या पायाशी होती. गल्लीतली माणसं फाटकाशी आली पण कुणी आत आलं नाही. तुम्ही मातीत पडलात तेव्हा तिच्या वडिलांनी बांबू टाकला आणि स्वतःच अंगणात खाली बसून मोठ्याने रडायला लागले. भावाने त्यांना उठवून नेलं. पाती तिथेच राहिली.

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिच्या अर्ध्या चेहऱ्याला पट्टी होती आणि डोळा काढावा लागला होता. मी सांगायला गेले होते की ते मी भरलं नव्हतं. तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "दीदी, तुम दो बार आई थीं मेरे पास. धागे पे नाखून फेरा था." मी बोटं मुठीत मिटली. "तुमको पता था." मी मान हलवली, हो. "फिर बोली क्यों नहीं?" अण्णा, त्या दिवसापासून आजपर्यंत भेग कुणी भरली यावर मी कुणाशी वाद घातला नाही. तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात की पोरीने घोटाळा केला, आणि मी चहा देत राहिले, तुटका दात ओठाआड लपवून.

तुमचं मनगट वाकडं जुळलं. रंधा धरता येईना. मॅडम वर्षभराने पुन्हा आल्या, खाली मान घालून, आणि मी कामाला लागले. तुम्ही ओसरीवर खुर्चीत बसायचात. मी रॉकेल फिरवायची, शंभर मोजायची, आणि तिरपी रेघ निघाली की ठोकळ्यावर ठेवून कुऱ्हाड घालायची. तुमच्यासमोर. हवं तर मी ते मागच्या अंगणात करू शकले असते. दर घावाला तुमचा वाकडा हात मांडीवर उडायचा आणि मला ते दिसायचं, आणि मी आणखी एक घाव घालायची, गरज नसताना. पाच वर्षं मी तुम्हाला असं मारलं. हात न लावता.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका सकाळी आई पेज आणायला गेलेली असताना तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, "त्या धनुष्याचं..." मी म्हटलं, "बोलू नका, दम लागेल." तुम्ही पुन्हा म्हणालात, "ऐक तरी. ते मी..." मी उठले, खिडकीचा पडदा सारला आणि नर्सला हाक मारली, सलाइन संपलंय म्हणून. ते संपलं नव्हतं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला कबूल करायचं होतं हे मला कळलं होतं, आणि मला ती संधी तुमच्याकडून काढून घ्यायची होती. तुम्ही ते वाक्य बरोबर घेऊन जावं असं मला वाटलं.

ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. नानाखेड्याच्या पलीकडे एका मोकळ्या जागेत लहान मुलींना तिरंदाजी शिकवते, उजव्या डोळ्याने निशाणा दाखवते. सुरुवातीच्या मुलींसाठी लाकडी धनुष्यं माझ्याकडूनच नेते. कधी हसून बोलत नाही, पण दुसऱ्या कुणाकडे जातही नाही. येताना स्वतःची रॉकेलची बाटली आणि फडकं आणते. माझ्या अंगणात, माझ्यासमोर, प्रत्येक धनुष्यावरून बोळा फिरवते आणि शंभर मोजते. मी तोवर उभी राहते. मागच्या खेपेला तिने एक बाजूला काढलं. मला रेघ दिसत नव्हती. तिला दिसत होती. मी ते तिच्या देखत तोडलं, एका घावात, आणि ती पहिल्यांदाच म्हणाली, "ठीक है दीदी."

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पाठवायचं असतं तर एवढं खरं लिहिलं नसतं. संध्याकाळ व्हायला आली, कणकेवर पापुद्रा धरला असेल.

एकच राहिलं. आई जाईपर्यंत मला विचारायची, त्या सकाळी तू जागची हलली का नाहीस? मी दर वेळी सांगायची की भीतीने पाय उचलले नाहीत गं, काही सुचलंच नाही. तिला ते पटलं होतं. पण अण्णा, मला भीती वाटत नव्हती. पहिला फटका तुमच्या खांद्यावर बसला तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि दुसऱ्याची मी वाट पाहिली होती.